ठेवलेला आवाज

हीरक महोत्सवाच्या या ग्रंथासाठी जुनी छायाचित्रे आणि इतिवृत्ते गोळा करण्याचे काम गेल्या वर्षी सुरू झाले. त्या शोधात प्रयोगशाळेतील लाकडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा मिळाला. त्यात अकरा कॅसेट होत्या आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यात एक स्पूलची टेप. खोक्यावर निळ्या शाईने लिहिले होते, ‘वार्षिक स्नेहसंमेलन, मुख्याध्यापकांचे भाषण’. साल लिहिलेले नव्हते. अक्षर मात्र ओळखीचे होते. शाळेच्या पहिल्या दहा वर्षांच्या हजेरीपटांवर तेच आहे. आपल्या संस्थापक मुख्याध्यापकांची छायाचित्रे या ग्रंथात आहेत, त्यांच्या पत्रांचे नमुने आहेत. त्यांचा आवाज आज पन्नाशीच्या आत असलेल्या कोणीही ऐकलेला नाही. तो त्या खोक्यात होता आणि तो ऐकवणारे यंत्र भंगारात जाऊन बरीच वर्षे झाली होती.

लिहिलेला कागद शंभर वर्षांनी उघडला तरी डोळ्यांना पुरतो. ठेवलेल्या आवाजाला मात्र ज्या यंत्राने तो ठेवला त्याचे भावंड लागते. ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. त्या डब्यामुळे मी तो वेगळ्या प्रश्नाने वाचू लागले : प्रत्येक यंत्राने काय ठेवले, काय गाळले आणि ठेवलेले पुन्हा ऐकू यायला काय लागले?

या इतिहासाचा आरंभच एका मुक्या आवाजाने होतो. पॅरिसमधील एदुआर-लेओं स्कॉत दि मार्तिनव्हील हा मुद्रणव्यवसायातला माणूस. छापखान्यात शरीरशास्त्राच्या पुस्तकावर काम करताना मानवी कानाची रचना त्याच्या पाहण्यात आली आणि त्याच्या मनात विचार आला, की प्रकाशाने जसे छायाचित्र उमटते तसे आवाजाने स्वतःचे चित्र का उमटवू नये? १८५७ साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. एक कर्णा, त्याच्या टोकाला ताणलेला पडदा, पडद्याला चिकटवलेला डुकराचा ताठ केस आणि त्यापुढे फिरणारा, दिव्याच्या काजळीने काळा केलेला कागद. कर्ण्यात बोलले की पडदा थरथरे आणि केस काजळीवर नागमोडी रेघ ओढत जाई. बस्स, एवढेच. ती रेघ पुन्हा आवाजात फिरवण्याचा विचार स्कॉतने केलाच नव्हता. अक्षरे वाचतो तशा या रेघा लोक वाचायला शिकतील अशी त्याची श्रद्धा होती. छापखान्यातल्या माणसाला साजेशीच कल्पना!

९ एप्रिल १८६० रोजी त्याने एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा असा लिहून ठेवला. तो कागद पॅरिसच्या संग्रहात पडून राहिला आणि २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याचे सूक्ष्म चित्रण करून संगणकाच्या साहाय्याने ती रेघ ऐकली. आधी वाटले, एखादी मुलगी गाते आहे. स्कॉतने दूरदृष्टीने गाण्याच्या रेघेशेजारी नादकाट्याच्या कंपनांचीही रेघ ओढून ठेवली होती. तिचा अर्थ लावताना वेग दुप्पट धरला गेला होता. चूक सुधारल्यावर मुलीच्या जागी संथपणे गाणारा पुरुष ऐकू आला, बहुधा स्वतः स्कॉतच. एकशे अठ्ठेचाळीस वर्षे मौन पाळलेल्या माणसाची ओळख शेजारच्या त्या साध्या रेघेने पटली. ही गोष्ट मी दहावीच्या वर्गात ध्वनीचा धडा चालू असताना सांगते, तेव्हा नादकाटा हे परीक्षेपुरते उपकरण आहे असे मुलांना वाटेनासे होते.

आवाज परत ऐकवणारे पहिले यंत्र थॉमस एडिसनचे, १८७७ सालचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्समधील शार्ल क्रो या कवीने याच स्वरूपाची कल्पना कागदावर मांडली होती. परंतु यंत्र उभे राहिले ते न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे. खाचा पाडलेल्या पितळी दंडगोलावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा, हाताने दांडा फिरवायचा आणि तोंडाने बोलायचे. सुई पत्र्यावर खोलगट ठसे उमटवत जाते. दुसरी सुई त्या ठशांवरून नेली की तिचा पडदा हलतो आणि यंत्र बोलते. डिसेंबरमध्ये एडिसनने हे यंत्र न्यूयॉर्कमधील ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या कचेरीत टेबलावर ठेवले, तेव्हा त्याने संपादकांची प्रकृती विचारली, अशी नोंद आहे. पत्रा फार तर चार-सहा वेळा वाजे, मग फाटे. ठेवणे म्हणावे असे ते ठेवणे नव्हतेच.

पुढच्या वर्षी एडिसनने एका मासिकात या यंत्राचे दहा संभाव्य उपयोग लिहिले. ती यादी प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. पहिला क्रमांक पत्रांचा मजकूर सांगण्याचा, दुसरा अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचा, तिसरा वक्तृत्व शिकवण्याचा. संगीत चौथ्या जागी येते. पुढे कुटुंबातील माणसांचे आवाज, मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्द, बोलकी खेळणी, वेळ सांगणारी घड्याळे. आठवा उपयोग भाषांच्या उच्चारांचे जतन; नववा, शिक्षकाने केलेले स्पष्टीकरण ठेवून विद्यार्थ्याला हवे तेव्हा ऐकवणे. चौथ्या क्रमांकाच्या उपयोगाने पुढे साऱ्या जगाचा बाजार व्यापला आणि आठव्या-नवव्याकडे पाहायला फार थोड्यांना सवड मिळाली.

येथे थोडे विषयांतर. पहिल्या ग्रामोफोन तबकडीवर मॅक्स म्युलरने ऋग्वेदातील पहिली ऋचा म्हटली, अशी एक कथा पालकांच्या समूहांतून दरवर्षी माझ्यापर्यंत येते. ऐकायला गोड आहे. आधार मात्र तिला नाही. त्या कथेत ग्रामोफोनचा जनक म्हणून एडिसनचे नाव असते, तेथेच ती अडखळते. एडिसनच्या यंत्राचे नाव फोनोग्राफ. ग्रामोफोन हा एमिल बर्लिनरचा, १८८७ चा. वेदांच्या मौखिक परंपरेने हजारो वर्षे स्वरासह जपलेल्या ऋचेला मोठेपणासाठी अशा कथेची गरज नाही, असे मी त्या पालकांना कळवते.

हॅनोव्हरमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या बर्लिनरने दंडगोल सोडून सपाट तबकडी घेतली. सुई वरखाली खोदण्याऐवजी आडवी हलत नागमोडी खाच पाडू लागली. प्रथम मेणाचा पातळ थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर रेघ काढून ती आम्लाने कोरत. पुढे जाड मेणाच्या तबकडीवर थेट मुद्रण होऊ लागले. दंडगोलापेक्षा तिची सोय अशी, की मूळ तबकडीवरून धातूचा साचा घेऊन त्यावर हजारो प्रती दाबून काढता येत. पुस्तकाला जसा छापखाना मिळाला तसा आवाजालाही मिळाला. प्रश्न राहिला तो छापायचे कशावर याचा. कडक रबर वापरून पाहिले, ते टिकेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर सापडले आणि ते आपल्या देशातून गेले होते : लाख.

पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारा लाखेचा किडा स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतो. छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यात आदिवासी कुटुंबे त्या फांद्या कापून, लाख खरवडून बाजारात आणत. ती धुऊन, वितळवून पातळ पापुद्र्यासारखी केली की ‘शेलॅक’ होते. दगडाची बारीक भुकटी, काजळी, सुताचे तंतू आणि लाख यांचा लगदा गरम साच्यात दाबला की ती काळी चकचकीत तबकडी तयार. साधारण अर्धशतक जगातल्या बहुतेक तबकड्या याच लाखेच्या होत्या आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेची संशोधनसंस्था निघाली ती उगीच नव्हे. आपल्याला लाख माहीत होती ती बांगड्यांची आणि महाभारतातल्या लाक्षागृहाची. इटलीतल्या ऑपेरागायकाचा आवाजही पलामूच्या जंगलातील किड्याच्या राळेवर कोरलेला होता, हे ती फांदी कापणाऱ्या बाईला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडखळला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेत शेलॅकच्या वापरावर निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या गोळा करून, दळून पुन्हा वापरल्या गेल्या. त्या भुकटीत कोणकोणते आवाज गेले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

लाख भारताची, पण भारताचा आवाज त्या लाखेवर उमटायला विसावे शतक उजाडले. १९०२ च्या ऑक्टोबरअखेरीस ग्रामोफोन कंपनीचा तरुण ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला उतरला. हॉटेलातील खोलीत त्याने कर्णा आणि मेणाच्या तबकड्या मांडल्या. ८ नोव्हेंबरला क्लासिक थिएटरमधील शशिमुखी आणि फणिबाला या दोन तरुणींचे आवाज मुद्रित झाले आणि तीन दिवसांनी गौहर जान आली. त्या दौऱ्यात पाचशेहून अधिक तबकड्यांचे मुद्रण झाले. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला पाठवून तेथे प्रती निघत. तेथील कामगारांना ना भाषा कळे ना गायिका. तबकडीवर चिठ्ठी कोणाच्या नावाची चिकटवायची हे समजावे म्हणून गाणे संपताच गायिकेने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारायचे, असा रिवाज पडला. गौहर जान तो ऐटीत पाळते. तिचा तो खणखणीत नामोच्चार आजही ऐकता येतो.

या नामोच्चाराशी मी नेहमी थांबते. पहिल्या वर्षांत कर्ण्यासमोर आल्या त्यांत कोठीवर गाणाऱ्या आणि रंगभूमीवरच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. अनेक थोर उस्ताद मागे राहिले. कोणाला वाटे यंत्र गळ्यातील सूर ओढून घेईल. कोणाला भीती, की घराण्याची चीज चोरीला जाईल. कोणाला आपले गाणे पानपट्टीच्या दुकानात वाजणे कमीपणाचे वाटे. ज्या स्त्रियांची नावे प्रतिष्ठित घरांत उच्चारली जात नव्हती, त्यांनी स्वतःच्या तोंडाने ती नोंदवली आणि तबकडीबरोबर ती त्याच घरांच्या दिवाणखान्यात पोहोचली. ज्या गृहिणींना बैठकीत बसण्याची मुभा नव्हती, त्यांनी यांचे गाणे प्रथम ऐकले ते पेटीला चावी देऊन. संशय आणि भीती बाजूला ठेवून त्या कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या, म्हणून त्या काळच्या गाण्याविषयी आज आपण ऐकून बोलू शकतो. त्यांचे हे ऋण संगीताच्या इतिहासात अजून पुरेसे मांडले गेले आहे असे मला वाटत नाही.

कर्ण्याने ठेवले किती आणि गाळले किती? त्या काळी विजेचा संबंधच नव्हता. गायकाच्या श्वासाच्या जोरावर पडदा हलायचा आणि पडद्याच्या जोरावर सुई मेण कापायची. त्यामुळे गायकाला कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून, वरच्या पट्टीत, मोठ्याने गावे लागे. तबला दूर बसलेला, म्हणून पुसट. तंबोरा तर जवळजवळ नाहीच. सेकंदाला दोन-अडीच हजारांच्या पुढची कंपने त्या पडद्याला पेलत नसत. ‘स’ आणि ‘श’ यांची खरी ओळख त्याहून वरच्या कंपनांत असते, म्हणून जुन्या तबकड्यांत हे वर्ण वाऱ्यासारखे निसटून जातात आणि शब्द ओळखण्यासाठी आधी ते माहीत असावे लागतात. शुद्ध उच्चारासाठी मुलांना वर्षानुवर्षे टोकणाऱ्या मराठीच्या शिक्षिकेला त्या गायिकांबद्दल हळहळ वाटते. दोष उच्चाराचा नव्हता, पडद्याचा होता.

आणि वेळ किती? दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तास-दीड तास फुलणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा. आलापाची बढत गेली, बोल, ताना आणि मुखडा उरला. काहींनी या सक्तीतून एक आटीव, सुबक घडण निर्माण केली. तबकडीवरून शिकलेल्या पुढच्या पिढीला मात्र रागाचा विस्तार म्हणजे एवढाच असे वाटले असल्यास नवल नाही.

आपल्या बडोद्याच्या दरबारात तरुणपणी गायक असलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याबाबतीत ही तुलना कानांनी करता येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी कर्ण्यासमोर गायिलेल्या तबकड्या आहेत आणि १९३० नंतरच्या, विजेच्या साहाय्याने मुद्रित झालेल्याही आहेत. पहिल्यांत एक चपळ, उंच, काहीसा पातळ आवाज ऐकू येतो. दुसऱ्यांत, विशेषतः त्यांच्या भैरवीतल्या ठुमरीत, जुळलेल्या तंबोऱ्यांच्या गुंजनात तरंगणारा हळवा सूर आहे. मधल्या काळात गायक वयाने आणि विचाराने बदललाच होता. पण यंत्रही बदलले होते. १९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विजेवर चालणारी कोरणी आली आणि हळू गाणे प्रथमच मुद्रित होऊ शकले. मराठीत भावगीत बहरले ते याच सुमारास आणि याच सोयीच्या आधाराने. कुजबुजीसारखे शब्द, एका माणसाने एका माणसाला म्हटल्यासारखे गाणे, हे रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याचे काम नव्हते. ते मायक्रोफोनचे काम होते. त्या आरंभीच्या भावगीतगायकांपैकी जी. एन. जोशी पुढे एच.एम.व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, ही गोष्ट त्या नात्याची साक्षच म्हणावी लागेल.

वेगाचेही एक त्रांगडे होते. आपण ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ म्हणतो, पण आरंभीच्या तबकड्या मिनिटाला सत्तरपासून ऐंशीपर्यंत कोणत्याही वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. सत्तरने मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने फिरवली, की काळी एकचा गायक जवळजवळ काळी दोनमध्ये जातो आणि तानेचा वेग वाढून आपण त्याच्या तयारीची फुकट तारीफ करतो. स्कॉतसारखी नादकाट्याची रेघ शेजारी ओढून ठेवण्याचे ग्रामोफोन कंपन्यांना सुचले नाही.

जे कर्ण्यासमोर आलेच नाहीत, त्यांचे काय? बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. सुरतेजवळच्या कठोर गावी जन्मलेल्या, या गुजरातच्या मातीशी नाते असलेल्या बुवांचा आवाज आपल्यापाशी नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ तर १९४६ पर्यंत होते; तोवर मुंबईत तबकड्यांचा धंदा ऐन भरात आला होता. त्यांचाही आवाज नाही. ते कसे गात, हे आपण त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून अनुमानाने जाणतो. अक्षर पाहून हात ओळखावा, तसे.

एडिसनच्या यादीतील आठवा उपयोग भारतात एकदा मनावर घेतला गेला. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात प्रांतोप्रांतीच्या भाषा आणि बोली तबकड्यांवर नोंदवल्या गेल्या. त्यांची संख्या नव्वदीच्या पुढे जाते आणि मराठीही त्यांत आहे. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येकाने आपापल्या बोलीत सांगायची, जेणेकरून तुलना करता यावी. आता त्या संगणकावर ऐकता येतात. खरखरीतून एक माणूस सांगतो, की एका माणसाला दोन मुलगे होते. आणि विभक्ती, हेल, शब्दाच्या शेवटचा झोका हे सारे कानावर पडते, जे व्याकरणाच्या कोष्टकात नसते. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचे बोलणे, म्हणजे गुजरातीच्या शेजारात दोन-अडीचशे वर्षे मुरलेली ही मराठी, अशी कोणी शिस्तीने नोंदवून ठेवली आहे का, हा प्रश्न त्या तबकड्या ऐकताना माझ्या मनात येतो.

तबकडीवर घरच्या घरी आवाज भरता येत नव्हता. ते काम कंपनीचे. ही मक्तेदारी मोडली चुंबकाने. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज ठेवून दाखवला होता. १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन तंत्रज्ञाने कागदाच्या फितीवर लोखंडाच्या संयुगाची भुकटी चिकटवली आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात प्लॅस्टिकच्या फितीचे ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र मांडले गेले. महायुद्धात जर्मन आकाशवाणीवर मध्यरात्रीही वाद्यवृंद जिवंत वाजतो आहे असे ऐकणाऱ्या शत्रुपक्षाच्या तंत्रज्ञांना वाटे. ती फीत होती. युद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकी सैनिकाने अशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी पाठवली आणि तेथून फितीचे राज्य जगभर पसरले. फीत कापता येते, जोडता येते, पुसून पुन्हा भरता येते. शेवटचा गुण सर्वांत धोक्याचा, हे पुढे कळेल.

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने फितीची दोन्ही चाके एका छोट्या डबीत बंद करून कॅसेट आणली. चार मिलिमीटरही रुंद नसलेली ती फीत ऐंशीच्या दशकात भारतभर कशी पसरली हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिले नसते, अशी लोकगीते, भीमगीते, भजनी मंडळे, कीर्तने गल्लोगल्लीच्या दुकानांत मिळू लागली. महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या मुलांपर्यंत मराठी पोहोचली ती पुष्कळ अंशी या डबीतून. गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीने १९५५ मध्ये सुरू केले, पण आमच्या पिढीतील अनेकांनी ते कॅसेटवरच ऐकले, पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन तर मुलांना पाठ असे, अगदी टाळ्यांच्या जागांसह. सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणारा पाहुणा पिशवीतून बाकरवडीबरोबर दोन कॅसेट काढी. शिवाय कोणीही लाल बटण दाबून आजीच्या ओव्या भरू शके. एडिसनचा पाचवा उपयोग, म्हणजे घरच्या माणसांचे आवाज, खऱ्या अर्थाने घराघरांत आला तो तेव्हा.

याच काळातले एक ध्वनिमुद्रण मात्र अगदी वेगळ्या काळजीने पाठवले गेले. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन ‘व्हॉयेजर’ याने अवकाशात झेपावली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठी आहे, आणि संगीतात गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. केसरबाई या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. गुरूचा आवाज पृथ्वीवर कोठेही नाही आणि शिष्येचा सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेला आहे. याने निघाली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. मला त्या तबकडीत सर्वांत मोलाची वाटते ती तिच्याबरोबरची सामग्री : तबकडी वाजवण्याची सुई सोबत आहे आणि झाकणावर ती कशी ठेवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, याची चित्रे कोरलेली आहेत. ऐकणाऱ्याजवळ यंत्र नसेल हे गृहीत धरून पाठवलेले, माझ्या माहितीतील हे एकमेव ध्वनिमुद्रण.

१९८२ मध्ये सीडी आली आणि आवाज आकड्यांत गेला. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर मोजमापे. नंतरचे वाचकांना माझ्यापेक्षा त्यांची मुले अधिक चांगले सांगतील. आज प्रत्येक पालकाच्या खिशात ध्वनिमुद्रण यंत्र आहे. पण मागच्याच्या मागच्या मोबाइलमधील आवाज कोठे गेले, हे पालकसभेत विचारले तेव्हा फार थोडे हात वर झाले.

आता पुन्हा त्या डब्याकडे येते. एका माजी विद्यार्थ्याने चालू स्थितीतील कॅसेट प्लेअर आणून दिला. अकरांपैकी आठ कॅसेट वाजल्या. दोन बुरशीने चिकटल्या होत्या. एकीवर, ‘नाट्यछटा स्पर्धा’ असे लिहिलेले असूनही, चित्रपटगीते आहेत. डबीच्या मागची प्लॅस्टिकची टिकली वेळीच तोडली असती तर त्यावर दुसरे काही भरता आले नसते. उरलेल्या आठांत भाषणे आहेत, समूहगीते आहेत, आणि त्यांच्यामागे कोणी मुद्दाम न ठेवलेलेही पुष्कळ आहे : सभागृहातील जुन्या पंख्याची घरघर, घंटेचा घणघणाट, फाटकाबाहेर शेंगा विकणाऱ्याची गुजराती हाळी, आणि पारितोषिकासाठी नाव पुकारल्यावर ‘आलो, आलो’ म्हणत धावणारा कोणी एक मुलगा. या मुलाने हा लेख वाचला तर त्याने कार्यालयात येऊन स्वतःचा आवाज ऐकावा.

स्पूलची टेप अद्याप ऐकलेली नाही. फीत कडक झाली आहे आणि हाताला कडेने तुटल्यासारखी लागते. जाणकारांच्या हाती जाण्याआधी ती कोणत्याही यंत्रावर चढवायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. खोक्यात आता एक कागद ठेवला आहे. त्यावर फितीची रुंदी, चाकाचा व्यास, मिळाल्याची तारीख आणि कपाटाचा क्रमांक लिहिला आहे. ‘मुद्रणाचा वेग’ या शब्दांपुढची जागा रिकामी आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ते स्नेहसंमेलन पाहिले आहे, टेपरेकॉर्डर कोणी आणला होता हे ज्यांना आठवते, किंवा ज्यांच्या घरी चालू स्थितीतील स्पूल टेपरेकॉर्डर आहे, त्यांनी कृपया शाळेच्या कार्यालयास कळवावे.